अमेरिकेतील पशुवैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातून अर्ज करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत वाढलेले मराठी घरातले मूल ‘मला जनावरांचा डॉक्टर व्हायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा घरातील मोठ्यांना माणसांच्या डॉक्टरकीचा रस्ता ठाऊक असतो, संगणक अभियंत्याचा तर तोंडपाठ असतो, पशुवैद्यकाचा मात्र सहसा कुणालाच माहीत नसतो. आमच्या घरीही तसेच झाले. मुलीने दोन वेळा अर्ज केले. पहिल्या वर्षी कुठेही प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्या वर्षी परराज्यातील एका महाविद्यालयात मिळाला. त्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो आणि त्यानंतर ओळखीच्या मुलांनी व पालकांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत.

‘परराज्यातील विद्यार्थी’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतील बहुतेक पशुवैद्यकीय महाविद्यालये राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांची आहेत. राज्यातील गाईगुरांना, डुकरांना आणि कोंबड्यांना वैद्य मिळावा, यासाठी करदात्यांच्या पैशांतून ती उभी राहिली. एम्स येथील आयोवा राज्य विद्यापीठाचे महाविद्यालय १८७९ साली सुरू झाले आणि देशातील पहिले सार्वजनिक पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. या इतिहासामुळे ही महाविद्यालये आपल्या राज्यातील विद्यार्थ्याला दोन बाबतींत झुकते माप देतात : त्याच्यासाठी जागा राखून ठेवतात आणि त्याच्याकडून शुल्क कमी घेतात. ज्याचे कायदेशीर वास्तव्य त्या राज्यात नाही, तो परराज्यातील विद्यार्थी.

येथे अनेकांची गल्लत होते. विद्यार्थ्याचा जन्म कुठे झाला किंवा तो सध्या पदवी कुठे घेत आहे, यावरून त्याचे राज्य ठरत नाही. आर्थिकदृष्ट्या पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचे राज्य सामान्यतः पालकांचेच धरले जाते. मुलगी चार वर्षे ओहायोत शिकली असली, पण आईवडील न्यू जर्सीतील एडिसनला राहत असतील, तर ती न्यू जर्सीची ठरते.

आमच्या राज्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयच नाही. मग आम्ही सगळीकडेच परके का?

नाही, आणि या उत्तरासाठी पालकांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते. ज्या राज्यांत महाविद्यालय नाही, त्यांपैकी अनेकांनी शेजारच्या राज्यांशी करार करून आपल्या विद्यार्थ्यांसाठी जागा मिळवल्या आहेत. त्या जागेवर निवड झालेला विद्यार्थी परराज्यात शिकतो, पण शुल्क साधारणपणे तिथल्या रहिवाशाइतके भरतो, आणि फरकाची रक्कम त्याचे राज्य देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या जागेसाठी त्याची स्पर्धा संपूर्ण देशाशी नसते, केवळ स्वतःच्या राज्यातील अर्जदारांशी असते.

केंटकीचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. अशा करारानुसार केंटकीच्या विद्यार्थ्यांसाठी अलाबामातील ऑबर्न विद्यापीठात दर वर्षी ३८ आणि टस्कीगी विद्यापीठात २ जागा ठेवल्या जातात. घोड्यांसाठी जगभर नावाजलेल्या या राज्याचे पशुवैद्यक अनेक दशके अलाबामात शिकून परत येत आले आहेत. दक्षिणेकडील राज्यांच्या शिक्षण मंडळाने, म्हणजे एसआरईबीने, अशी व्यवस्था इतरही काही राज्यांसाठी केली आहे. पश्चिमेकडे वायची या आंतरराज्य संस्थेचा पीएसईपी नावाचा कार्यक्रम असून ॲरिझोना, हवाई, नेवाडा, न्यू मेक्सिको, मोंटाना आणि वायोमिंग अशा राज्यांतील विद्यार्थी त्याचा लाभ घेत आले आहेत. मात्र दर वर्षी किती विद्यार्थ्यांना मदत मिळेल, हे त्या त्या राज्याचे विधिमंडळ किती निधी मंजूर करते यावर अवलंबून असते.

काही ठिकाणी शिक्षणच दोन राज्यांत विभागलेले आहे. नेब्रास्काचा विद्यार्थी पहिली दोन वर्षे लिंकनला आणि पुढची दोन आयोवातील एम्सला शिकतो. साउथ डकोटाचा विद्यार्थी दोन वर्षे ब्रुकिंग्जला शिकून मग मिनेसोटातील सेंट पॉलला जातो. मोंटानाचा विद्यार्थी पहिले वर्ष बोझमनला आणि उरलेली तीन वर्षे वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या पुलमन येथील महाविद्यालयात काढतो. ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया-मेरीलँड महाविद्यालय तर दोन राज्यांचे सामायिक आहे, त्यामुळे या दोन्ही राज्यांतील विद्यार्थी तिथे रहिवासीच मानले जातात. वॉशिंग्टन डीसीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी मेरीलँडच्या बाजूला राहणाऱ्यांना हे बऱ्याचदा माहीत नसते आणि ते ब्लॅक्सबर्गला परराज्य समजून यादीत खाली टाकतात.

करारातील जागेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो का?

बहुतेक ठिकाणी होय. महाविद्यालयाकडे प्रवेशाचा अर्ज जातो, पण ‘हा विद्यार्थी आमच्या राज्याचा आहे’ हे प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या राज्यातील कार्यालयाकडून वेगळे घ्यावे लागते. पीएसईपीसाठी हा अर्ज गृहराज्याकडे १५ ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो. प्रवेश मिळाला, पण प्रमाणपत्राची तारीख चुकली म्हणून पूर्ण शुल्क भरावे लागणे, हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे. काही राज्ये या मदतीच्या बदल्यात शिक्षणानंतर ठराविक वर्षे राज्यात परत येऊन काम करण्याची अट घालतात, आणि ती न पाळल्यास रक्कम परत मागतात. सही करण्याआधी ही अट विद्यार्थ्याने स्वतः वाचावी. सव्विसाव्या वर्षी कुठे राहायचे, हा निर्णय तो बाविसाव्या वर्षी घेत असतो.

करार नसलेल्या राज्यातील विद्यार्थ्याने कोणती महाविद्यालये निवडावीत?

आधी प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेश विभागाच्या पानावर मागील वर्षाच्या वर्गाची आकडेवारी शोधावी : एकूण जागा किती, त्यांत राज्याबाहेरचे किती, आणि राज्याबाहेरून अर्ज किती आले. ओहायो राज्य विद्यापीठ, आयोवा राज्य विद्यापीठ, कॅन्सस राज्य विद्यापीठ अशी काही सार्वजनिक महाविद्यालये परराज्यातील विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने घेतात. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील किंवा टेक्सासमधील सार्वजनिक महाविद्यालयांचा भर स्वतःच्या राज्यातील विद्यार्थ्यांवर आहे. ॲमरिलो येथे २०२१ मध्ये सुरू झालेले टेक्सास टेक विद्यापीठाचे महाविद्यालय तर टेक्सास आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोतील ग्रामीण भागाला डोळ्यांसमोर ठेवूनच काढले गेले.

खासगी महाविद्यालयांत राज्याचा प्रश्न कमी येतो. कॅलिफोर्नियातील पोमोना येथील वेस्टर्न विद्यापीठ, ॲरिझोनातील ग्लेंडेल येथील मिडवेस्टर्न विद्यापीठ आणि टेनेसीतील लिंकन मेमोरियल विद्यापीठ ही त्यांतील काही नावे. शुल्क मात्र तिथे सर्वांनाच जास्त असते.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली ती इथेच. आम्ही नावाजलेल्या महाविद्यालयांची यादी केली आणि त्यांत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला जागा किती, हे पाहिलेच नाही. ज्या तीन ठिकाणी मुलीचे सर्वाधिक मन होते, तिथे परराज्यातील जागा इतक्या थोड्या होत्या की तिच्यापेक्षा कितीतरी जास्त अनुभव असलेले अर्जदारही बाहेर राहिले. दुसऱ्या वर्षी तिचे गुण तेच होते, अनुभव थोडाच वाढला होता, बदलली होती ती मुख्यतः यादी.

किती ठिकाणी अर्ज करावा?

संख्येपेक्षा निवड महत्त्वाची आहे. प्रत्येक जादा महाविद्यालयाचे अर्जशुल्क वेगळे भरावे लागते, अनेक ठिकाणी महाविद्यालयाच्या स्वतःच्या पूरक अर्जाचे शुल्कही असते, आणि प्रत्येक पूरक अर्जात नवे निबंध लिहायचे असतात. स्वतःच्या राज्यातील किंवा कराराचे महाविद्यालय प्रथम, त्यानंतर परराज्यातील पाच-सहा अशी महाविद्यालये की जिथे आवश्यक विषय पूर्ण झालेले आहेत आणि जिथला चार वर्षांचा खर्च घरच्यांनी कागदावर मांडून पाहिला आहे, एवढी यादी बहुतेकांना पुरते. जिथे प्रवेश मिळाला तरी पैशाअभावी जाता येणार नाही, तिथे अर्ज करू नये.

अर्ज कुठे आणि केव्हा करायचा?

जवळपास सर्व महाविद्यालयांसाठी व्हीएमसीएएस ही एकच ऑनलाइन सेवा आहे. अमेरिकेतील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची संघटना, एएव्हीएमसी, ती चालवते. टेक्सासमधील सार्वजनिक महाविद्यालयांसाठी टीएमडीएसएएस ही राज्याची वेगळी सेवा आहे, त्यामुळे टेक्सासचा विचार असेल तर त्या महाविद्यालयाचे त्या वर्षीचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. व्हीएमसीएएसचा अर्ज साधारण जानेवारीत भरण्यासाठी खुला होतो आणि शेवटची तारीख सप्टेंबरच्या मध्यास असते. मुलाखती हिवाळ्यात होतात आणि वर्ग पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे अर्ज आणि पहिला तास यांत जवळजवळ एक वर्ष जाते. जिथे जिथे शिक्षण घेतले, त्या प्रत्येक संस्थेची गुणपत्रिका लागते. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा विषयही यातून सुटत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतच गुणपत्रिका मागवून ठेवाव्यात.

पदवी कोणत्या विषयाची असावी?

कोणत्याही विषयाची चालते. काही महाविद्यालये तर पदवी पूर्ण नसली तरी ठराविक क्रेडिट पूर्ण झाल्यावर प्रवेश देतात. पाहिले जाते ते आवश्यक विषयांकडे : जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अनुवंशशास्त्र आणि संख्याशास्त्र हे बहुतेक ठिकाणी लागतात. त्यापुढे मात्र प्रत्येकाची यादी वेगळी असते. कुणाला सूक्ष्मजीवशास्त्र हवे असते, कुणाला शरीरक्रियाशास्त्र, कुणाला पशुआहार, कुणाला चारचौघांत भाषण करण्याचा विषय.

परराज्यातील अर्जदाराला ही अडचण जास्त जाणवते. राज्यातील विद्यार्थ्याचे सल्लागार त्याच्याच महाविद्यालयाच्या यादीप्रमाणे विषय सुचवतात, तर आपल्याला सहा वेगळ्या याद्या एकाच वेळापत्रकात बसवाव्या लागतात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच एक तक्ता करावा, आडवी महाविद्यालये, उभे विषय, आणि प्रत्येक चौकटीत किती क्रेडिट व प्रयोगशाळा आवश्यक आहे का, हे लिहावे. शाळेत असताना दिलेल्या एपी या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेतून मिळालेली क्रेडिट काही महाविद्यालये मानतात, काही त्याच विषयाचा वरचा अभ्यासक्रम करायला सांगतात. शंका असेल तर प्रवेश विभागाला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

प्राण्यांबरोबरचा अनुभव किती तासांचा हवा?

व्हीएमसीएएसच्या अर्जात दोन प्रकारचे अनुभव वेगळे मांडायचे असतात. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेले काम हा पशुवैद्यकीय अनुभव. प्राणी-निवारा केंद्रात कुत्र्यामांजरांची देखभाल करणे, घोड्यांच्या तबेल्यात काम करणे किंवा गोठ्यात दूध काढणे हा प्राण्यांचा अनुभव. काही महाविद्यालये किमान तास सांगतात, काही सांगत नाहीत. प्रत्यक्षात निवड झालेल्यांचे तास किमान मर्यादेपेक्षा बरेच जास्त असतात.

शहरी उपनगरांत वाढलेल्या आपल्या मुलांचा सगळा अनुभव बहुधा कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातला असतो, आणि अर्ज मात्र जातो आयोवा किंवा कॅन्ससला, जिथे डुकरे आणि गोमांसाची जनावरे हा महाविद्यालयाच्या कामाचा गाभा आहे. अशा अर्जदाराने मोठ्या जनावरांच्या पशुवैद्यकाबरोबर निदान काही आठवडे काढावेत. माझ्या मुलीने एका दुग्धव्यवसायिकांच्या पशुवैद्यकाबरोबर एक उन्हाळा काढला. पहाटे चारला उठणे, थंडगार गोठा, गर्भतपासणीसाठी खांद्यापर्यंत चढवलेला हातमोजा, हे सगळे तिने केले आणि घरी येऊन मला सविस्तर सांगितले. मुलाखतीत तिला सर्वांत जास्त प्रश्न त्याच उन्हाळ्याविषयी आले. तास लिहून ठेवण्याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण दोन वर्षांनी आठवून लिहिलेले तास खात्रीचे नसतात.

शिफारसपत्रे कुणाची घ्यावीत?

व्हीएमसीएएसला किमान तीन शिफारसपत्रे लागतात, आणि बहुतेक महाविद्यालयांना त्यांपैकी किमान एक पशुवैद्यकाचे हवे असते. ज्याने आपल्याला काम करताना पाहिले आहे, त्याचे साधे पत्र नावाजलेल्या पण अपरिचित व्यक्तीच्या पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. विनंती मे महिन्यात करावी, ऑगस्टमध्ये नम्रपणे आठवण करावी. कौटुंबिक ओळखीच्या डॉक्टर काकांचे पत्र येथे कामाचे नाही.

जीआरई लागते का?

बहुतेक महाविद्यालयांनी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या या सामान्य परीक्षेची अट काढून टाकली आहे. काही महाविद्यालये कॅस्पर ही प्रसंगाधारित ऑनलाइन चाचणी मागतात, तिच्या तारखा वेगळ्या पाहाव्या लागतात.

परराज्यातील विद्यार्थ्याला खर्च किती येतो?

शुल्क महाविद्यालयागणिक व वर्षागणिक बदलते, पण अनेक सार्वजनिक महाविद्यालयांत परराज्यातील विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क रहिवाशाच्या शुल्कापेक्षा वर्षाला काही दहा हजार डॉलरनी जास्त असते. राहणे, खाणे, गाडी, आरोग्यविमा आणि पुस्तके मिळून काही ठिकाणी चार वर्षांचा एकूण खर्च ३ लाख डॉलरच्या पुढे जातो. पशुवैद्यकाचे उत्पन्न माणसांच्या डॉक्टरइतके नसते, त्यामुळे हा आकडा पालकांनी ‘डॉक्टर झाल्यावर फिटेल’ असे म्हणून बाजूला ठेवू नये.

त्यात नुकताच एक मोठा बदल झाला आहे. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या संघीय कायद्यानुसार, पदवीनंतरच्या शिक्षणाचा जवळपास संपूर्ण खर्च भागवू देणारे ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होते. पशुवैद्यकासारख्या व्यावसायिक पदवीसाठी संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर ठरवली गेली आहे. याचा सर्वाधिक फटका परराज्यातील विद्यार्थ्यालाच बसतो, कारण खर्च आणि ही मर्यादा यांतील दरी त्याच्या वाट्याला सर्वांत मोठी येते. ती दरी भरायला खासगी कर्ज घ्यायचे, तर बहुधा पालकांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. सही करण्याआधी व्याजदर बदलता आहे की स्थिर, आणि शिक्षण चालू असताना व्याज चढते का, हे दोन प्रश्न विचारावेत.

समजा एका महाविद्यालयात रहिवाशाचे शुल्क वर्षाला ३५ हजार डॉलर आणि परराज्यातील विद्यार्थ्याचे ६० हजार आहे. फरक वर्षाला २५ हजार, म्हणजे चार वर्षांत १ लाख. आता जर त्या राज्यात पहिल्या वर्षानंतर रहिवासी होता येत असेल, तर हाच फरक एकदाच भरावा लागतो आणि ७५ हजार डॉलर वाचतात. म्हणून जाहीर केलेल्या वार्षिक शुल्काची तुलना करून थांबू नये, चारही वर्षांची बेरीज करूनच महाविद्यालयांची तुलना करावी.

पहिल्या वर्षानंतर त्या राज्याचे रहिवासी होता येते का?

काही राज्यांत होय, बऱ्याच राज्यांत नाही. ओहायो आणि मिसुरी येथील महाविद्यालयांत परराज्यातील विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर रहिवासी म्हणून अर्ज करू शकतात, आणि अनेक विद्यार्थी हे लक्षात घेऊनच ती महाविद्यालये निवडतात. इतर बऱ्याच राज्यांचे म्हणणे असे की, जो केवळ शिक्षणासाठी आला आहे त्याचे वास्तव्य मोजले जाणार नाही, आणि तो चारही वर्षे परराज्यातीलच राहतो.

जिथे बदल शक्य आहे, तिथेही तो आपोआप होत नाही. साधारणपणे सलग १२ महिने त्या राज्यात राहणे, तिथला वाहन परवाना घेणे, गाडीची नोंदणी तिथे करणे, मतदार म्हणून नाव नोंदवणे, राज्याचे करविवरण भरणे आणि आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असल्याचे दाखवणे, असे पुरावे मागितले जातात. शेवटच्या अटीवर आपली कुटुंबे अडतात. आईवडील प्रेमाने दर महिन्याला भाडे पाठवतात आणि करविवरणात मुलाला अवलंबित म्हणून दाखवतात, त्यामुळे तो स्वतंत्र ठरत नाही. प्रवेश मिळताच, म्हणजे पहिले भाडे भरण्याआधी, विद्यापीठाच्या निवासविषयक कार्यालयाचे नियम वाचून कुटुंबाने पैशांची व्यवस्था त्यानुसार ठरवावी.

अर्ज करण्याआधीच दुसऱ्या राज्यात राहायला गेले तर?

पदवीनंतर एखादे वर्ष नोकरी करायचीच असेल, तर ती अशा राज्यात करणे शहाणपणाचे आहे जिथे महाविद्यालय आहे आणि नोकरीसाठीचे वास्तव्य मोजले जाते. पशुवैद्यकाच्या दवाखान्यात सहायक म्हणून पूर्णवेळ काम मिळाले, तर अनुभव आणि रहिवास दोन्ही एकत्र साधतात. मात्र नाव नातेवाइकाच्या पत्त्यावर आणि मुक्काम स्वतःच्या घरी, असा कागदोपत्री रहिवास दाखवू नये. तो उघडकीस आला तर प्रवेश जातो, आणि ज्या व्यवसायाचा परवाना प्रामाणिकपणाच्या भरवशावर मिळतो, त्याची सुरुवात खोट्या कागदाने होते.

आमचे ग्रीन कार्ड अजून आलेले नाही. मुलगा एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे. काय होईल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर देताना वाईट वाटते. लहानपणापासून याच देशात शिकलेला मुलगा केवळ व्हिसाच्या रांगेमुळे अनेक महाविद्यालयांच्या दृष्टीने परदेशी विद्यार्थी ठरतो. काही महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, काही घेतात पण चार वर्षांचा खर्च भागवण्याची तजवीज आधीच दाखवायला सांगतात. करारातील जागांसाठी राज्याचे रहिवासी प्रमाणपत्र लागते, आणि तिथेही नागरिकत्व किंवा स्थायी वास्तव्य बहुधा पाहिले जाते. संघीय शैक्षणिक कर्ज एच-४ किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला मिळत नाही.

त्यातच २१ वर्षे पूर्ण झाल्यावर एच-४ दर्जा संपतो, आणि शिक्षण चालू ठेवायचे तर सामान्यतः एफ-१ वर जावे लागते. एच-४ वरील विद्यार्थ्याला रहिवाशाचे शुल्क लावायचे की नाही, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, आणि काही राज्ये ते लावतात. म्हणून अशा कुटुंबांनी मूल अकरावी-बारावीत असतानाच स्थलांतरविषयक वकिलाशी वयाच्या गणिताविषयी बोलावे, आणि महाविद्यालयांची यादी करताना पहिला प्रश्न गुणांचा न विचारता ‘या दर्जाच्या विद्यार्थ्याला तुम्ही कोणत्या गटात धरता’ हा लेखी विचारावा.

नव्याने सुरू झालेल्या किंवा परदेशातील महाविद्यालयांवर विश्वास ठेवावा का?

पाहायची एकच गोष्ट आहे : अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या, म्हणजे एव्हीएमएच्या, शिक्षण परिषदेची मान्यता. नव्या महाविद्यालयाला पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत तात्पुरती मान्यता असते, आणि त्या काळातील पदवीधरही परवाना परीक्षेस पात्र असतात. न्यू जर्सीत रोवन विद्यापीठाचे महाविद्यालय २०२५ मध्ये सुरू होईपर्यंत राज्यात एकही पशुवैद्यकीय महाविद्यालय नव्हते. तिथल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. ॲरिझोना विद्यापीठाचा २०२० मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम सुट्ट्या कमी करून तीन वर्षांत पूर्ण होतो, त्यामुळे एका वर्षाचा राहण्याचा खर्च वाचतो.

सेंट किट्समधील रॉस, ग्रेनाडातील सेंट जॉर्जेस, स्कॉटलंडमधील एडिनबरा आणि ग्लासगो, लंडनचे रॉयल व्हेटरिनरी कॉलेज, डब्लिन, न्यूझीलंडमधील मॅसी, ही महाविद्यालयेही एव्हीएमएमान्य आहेत. तिथे राज्याचा प्रश्न उद्भवत नाही, पण विमानप्रवास, चलनाचा दर आणि कर्जाच्या मर्यादा यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

मुलाखतीत ‘आमच्याच राज्यात का?’ असे विचारले तर काय सांगावे?

खरे कारण सांगावे, आणि ते खरे असावे म्हणून आधी शोधावे. कुक्कुटरोगांवरील संशोधन, वन्यप्राण्यांचे रुग्णालय, ग्रामीण भागातील फिरते दवाखाने, यांपैकी आपल्याला काय ओढते आणि ते त्या महाविद्यालयात कुठे आहे, हे नेमके माहीत असले पाहिजे. अनेक ठिकाणी छोट्या छोट्या प्रसंगांवर आधारित एमएमआय पद्धतीने मुलाखत होते, त्यात पाठ केलेली उत्तरे चालत नाहीत. पाळीव प्राण्याच्या मालकाला उपचार परवडत नाहीत, तेव्हा तुम्ही काय कराल, असे प्रश्न येतात. घरात मोठ्यांसमोर कमी बोलायची सवय असलेल्या मुलांनी याचा मोठ्याने सराव करावा.

एकापेक्षा जास्त ठिकाणी प्रवेश मिळाला, किंवा प्रतीक्षायादीत नाव आले, तर?

निर्णयाची सर्वमान्य तारीख १५ एप्रिल आहे. त्याआधी एखाद्या ठिकाणी जायचे नाही हे नक्की झाले, तर लगेच कळवावे, कारण ती जागा प्रतीक्षायादीतील कुणाची तरी असते. १५ एप्रिलनंतर प्रतीक्षायाद्या वेगाने हलतात आणि परराज्यातील विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातही बोलावणी येतात.

कुठेच प्रवेश मिळाला नाही, तर?

अलीकडच्या वर्षांत व्हीएमसीएएसमधून दहा हजारांच्या आसपास विद्यार्थी अर्ज करतात आणि जागा त्याहून बऱ्याच कमी आहेत. दुसऱ्यांदा अर्ज करून प्रवेश मिळवणारे अनेक असतात. नकार आल्यावर काही महाविद्यालये फाइल पाहून उणिवा सांगतात, ती वेळ मागून घ्यावी. आमच्या मुलीला त्या पत्रानंतर दोन आठवडे कुणाशी बोलावेसे वाटले नाही, आणि आम्हीही तिला बोलते करण्याची घाई केली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनेच तक्ता उघडला.

महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. झालेल्यांसाठी हीच प्रक्रिया आहे का?

नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ येथून पदवी घेतलेल्या पशुवैद्यकाला अमेरिकेत पुन्हा चार वर्षे शिकण्याची गरज नसते. त्याच्यासाठी ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह हे समकक्षता परीक्षांचे मार्ग आहेत. बारावी झालेल्या विद्यार्थ्याला मात्र थेट येथे प्रवेश मिळत नाही. येथील चार वर्षांचा डीव्हीएम, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीचा अभ्यासक्रम आधी पदवी पातळीवरचे आवश्यक विषय पूर्ण झाल्यावर सुरू होतो.

ज्या राज्यात शिकलो, त्याच राज्यात काम करावे लागते का?

करारातील परतीची अट नसेल तर नाही. नॅव्हली ही परवाना परीक्षा अमेरिका व कॅनडासाठी एकच आहे. ती उत्तीर्ण झाल्यावर ज्या राज्यात काम करायचे, त्या राज्याच्या पशुवैद्यकीय मंडळाकडून परवाना घ्यायचा असतो, आणि काही राज्ये त्यासाठी आपल्या कायद्यावरील छोटी वेगळी परीक्षा घेतात. ज्या ग्रामीण भागांत पशुवैद्यकांची टंचाई आहे, तिथे काम करणाऱ्यांचे शैक्षणिक कर्ज अंशतः फेडण्याची योजना संघीय कृषी खाते चालवते. परराज्यात शिकून मोठे कर्ज डोक्यावर घेतलेल्या आणि गाईगुरांचे काम आवडणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीच्या शेवटच्या वर्षातच टंचाईग्रस्त जिल्ह्यांची त्या वर्षीची यादी पाहून ठेवावी.